बरगे घालायचा दिवस

आमच्या गावाखालून येरळा वाहते. 'वाहते' हा शब्द सवयीने लिहिला. वर्षातले सात-आठ महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी असतात. गावाच्या खालच्या अंगाला नदीवर एक बंधारा आहे. दगडी खांब, आणि खांबांच्या मध्ये मोकळे गाळे, एकूण बारा. पावसाळ्यात गाळे उघडे ठेवायचे, म्हणजे पूर अडत नाही. पाऊस संपला की खांबांच्या खाचांतून लोखंडी बरगे, म्हणजे आडव्या जड फळ्या, एकावर एक उतरवायचे आणि नदीचे शेवटचे पाणी अडवायचे. त्या पाण्याच्या फुगवट्यावर दोन्ही काठांच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत तग धरतात. बरगे लवकर घातले आणि मागून पाऊस आला, तर पूर बंधाऱ्यावर चढतो. उशिरा घातले, तर पाणी निघून गेलेले असते. काम अवघड नाही. दिवस ओळखणे अवघड आहे.

तो दिवस ठरवण्याचे काम एकोणीस वर्षे माझ्याकडे होते.

फौजेतून मी हवालदार म्हणून परत आलो. गाव मला सुभेदार म्हणे, आणि काम असले की सुभेदारसाहेब. फौजी माणूस कोणाची बाजू घेणार नाही, असे गावाला वाटले आणि बंधारा माझ्या हाती दिला. माझ्या आधी ज्या म्हाताऱ्यांनी तो सांभाळला, त्यांनी मला एकच नियम सांगितला. "हादगा बोळवला की दुसऱ्या दिवशी बरगं. आदी न्हाई, मागनं न्हाई. कुनी पाया पडलं तरी न्हाई."

हस्त नक्षत्र लागले की आमच्याकडे मुली पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरतात. सोळा दिवस गाणी आणि खिरापत चालते. शेवटच्या दिवशी फुलांच्या माळांसह हादगा नदीत बोळवतात. हत्तीचा पाऊस हा आमच्या भागातला शेवटचा मोठा पाऊस. तो उरकला की नदी शांत होते, पण अजून भरलेली असते. लोखंडी बरग्यांच्या आधी लाकडी होते, त्याच्याही आधी माती आणि झुडपांचा बांध घालत, तेव्हाही दिवस हाच होता. नियम अडाण्यांनी केलेला नव्हता. ज्यांनी तो केला, त्यांनी पावसाकडे माझ्यापेक्षा जास्त वर्षे पाहिले होते.

त्या दिवशी घरटी एक माणूस बंधाऱ्यावर येई. बरगा उचलायला चौघे लागत. मी काठावर उभा राहून गाळ्याचा आकडा पुकारी आणि माणसे बरगा खाचेत धरून सोडत. थट्टा चाले. "सुभेदार, नदीला सावधान म्हणा, म्हंजी आपसूक थांबंल." "आरं, सावधान म्हनल्यावर तू तरी कवा थांबलास रं?" मी हसत नसे. हसलो असतो तर काम लांबले असते, असे तेव्हा वाटे.

माझा धाकटा भाऊ पहिला बरगा धरी. आमच्यात बारा वर्षांचे अंतर. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला मी वाढवले, असे गाव म्हणते. खरे म्हणजे मी पगार पाठवला. वाढला तो आपला आपण. वाटणीत मी वरचे रान घेतले आणि त्याला बंधाऱ्याच्या डाव्या काठची मळी दिली, शिवाय माळावरचा एक तुकडा. मळी म्हणजे नदीने पिढ्यान्पिढ्या आणून घातलेल्या गाळाचे रान. हात खुपसला तर कोपरापर्यंत जाई. त्यात तो आले करी. बेणे घरचे, वडिलांच्या वेळेपासून दरवर्षी राखून ठेवलेले. दरवर्षी काढणी झाली की पहिली पाटीभर आले तो माझ्या ओसरीवर आणून ठेवी. आल्याला पाणी बेताचे आणि न चुकता लागते. खंड पडला तर सुकते, तुंबले तर कुजते. त्याची विहीर बंधाऱ्याच्या फुगवट्यावर भरे. तेव्हा मी दिवस चुकलो तर पहिला फटका कोणाला बसणार, हे गावात सर्वांना ठाऊक होते. मलाही होते.

नियम मोडू लागला आहे, याची खूण मला आधीच मिळाली होती. मी ती घेतली नाही. एका श्रावणात सांगलीहून मुलीचा फोन आला. कृष्णेचे पाणी तिच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर आले होते. "आप्पा, मोजतीय मी. सकाळी दुसऱ्या पायरीवर होतं." मी म्हणालो, "मोजत बसू नको. वर चढ." फोन ठेवला आणि देवळासमोर टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्याच आठवड्यात आमच्याकडे पेरलेली बाजरी करपली होती. महाबळेश्वराच्या बाजूला जो पाऊस चार महिन्यांत पडायचा, तो चार दिवसांत पडत होता, आणि औंधाच्या डोंगराअलीकडे त्याचा शिंतोडाही येत नव्हता. देशात पाणी कमी झाले, असे लोक म्हणतात. मला तसे दिसले नाही. पाण्याचे येण्याचे दिवस मोडले. आणि आमचे सारे काम दिवसांवर उभे होते.

त्यानंतर दोन वर्षांनी हस्ताआधीचे उत्तरा नक्षत्र कोरडे चालले. भाऊ सकाळी अंगणात आला. मागे भावजय होती. ती आटपाडीची, कायम दुष्काळी मुलखातली.

"दादा, नदी बारीक व्हाय लागलीय. बरगं घालूया."

"हत्ती लागायचा हाय अजून."

"लागंल की. पर येनार हाय का?"

"आजवर आलाय."

"आजवरचं ऱ्हाऊ द्या. वरच्या अंगाला कुटं थेंब न्हाई. वारं फिरलंय. सकाळी दहिवर पडाय लागलंय. पाऊस गेला, दादा."

"हादगा बोळवू दे. नेम म्हंजी नेम."

भावजय सहसा माझ्यासमोर बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आवं दादा, आमच्या म्हायेरात नदीला पानी दिसलं की मानसं आदी घागर बुडिवत्यात. पंचांग मागनं बगत्यात."

भाऊ तिच्याकडे वळून म्हणाला, "गप गं." पण त्याला हसू आले होते. मी म्हणालो, "हे आटपाडी न्हाई." ती आत जाऊन माझ्या बायकोशी बोलत बसली. भाऊ निघून गेला.

मी नकार का दिला, हे लिहिले पाहिजे. नियमावर माझा विश्वास होता, हे अर्धे कारण. दुसरे अर्धे असे की विहीर माझ्या भावाची होती. उद्या पूर आला असता तर गाव म्हणाले असते, सुभेदाराने भावासाठी दिवस अलीकडे घेतला. इतक्या वर्षांत मला कोणी तसे म्हणू शकले नव्हते. ते म्हणू नये, यासाठी मी नदी जाऊ दिली.

हत्तीचे सोळा दिवस कोरडे गेले. शेवटच्या दिवशी मुली हादगा घेऊन नदीवर गेल्या, तेव्हा पात्रात मनगटाएवढी धार होती. माळा वाळूत अडकून राहिल्या. एका मुलीने घरून बादली आणली आणि हत्ती बादलीत बोळवला. दुसऱ्या दिवशी आम्ही बरगे घातले. सगळे आले. कोणीतरी म्हणाले, "सुभेदार, आता काय वाळू आडवायची व्हय?" कोणी हसले नाही. भावाने नेहमीप्रमाणे पहिला बरगा धरला.

फुगवटा गुडघाभर झाला आणि दिवाळीपर्यंत आटला. माघात भावाच्या विहिरीचा तळ दिसू लागला. आल्याची पाने पिवळी पडून वळली. त्याने वेळेआधी काढणी केली. कंद बोटांएवढे, आत धागे झालेले. बेण्यासाठी ठेवण्याजोगे काही निघाले नाही. वडिलांच्या वेळचे बेणे त्या वर्षी संपले. पुढच्या लागणीला त्याने रहिमतपूरहून दुसऱ्याचे बेणे आणले. त्या वर्षीही तो ओसरीवर आला. पाटी नव्हती. रुमालात बांधून मूठ-दीड मूठ आले आणले होते.

"ऱ्हाऊ दे की," मी म्हणालो.

"दरसाल देतोय. औंदा का नगं?"

मी म्हणालो, "ठेव तितं." एवढेच बोललो. तेव्हा जे बोलायला हवे होते, त्यासाठी मला शब्द सापडत नव्हते असे नाही. ते माझ्या तोंडातून येत नव्हते.

पुढचे वर्ष. मृगापासून पाऊस बरा होता, पण मधे मोठे खंड पडले. उत्तरा निम्मे झाले तेव्हा नदीला कमरेइतके पाणी होते आणि आभाळ मोकळे होते. मी कोणाला न विचारता सांगून टाकले की या वर्षी बरगे हादग्याआधी पडतील. गाव खूश झाले. गेल्या वर्षीचा उन्हाळा सगळ्यांच्या लक्षात होता. माझ्या मनात एकच होते: या वर्षी भावाची विहीर भरलेली दिसली पाहिजे. हे मी त्याला सांगितले नाही. सांगितले असते तर पुढचे कदाचित टळले असते.

तो संध्याकाळी आला. या खेपेला एकटाच.

"दादा, दहा-पंधरा दिस थांबूया."

"का?"

"पाऊस गेल्यागत वाटत न्हाई. उकाडा हटलेला न्हाई. दहिवराचा पत्त्या न्हाई. खालनं, पंढरपूरच्या अंगानं रोज ढग उठतोय आन् इरतोय. हत्ती बगूया औंदा."

मी म्हणालो, "गेल्या साली घाला म्हनलास. औंदा नगं म्हंतोस. एकदा काय ते ठरव."

तो शांतपणे म्हणाला, "गेल्या साली नदी बगून बोल्लो, दादा. औंदा बी नदी बगूनच बोलतोय."

"उद्या सकाळी बरगं पडतील."

"तुमी म्हनाल तसं."

तो माणूस दोन्ही वर्षी माझ्या अंगणात आला. दोन्ही वर्षी त्याने मला नदीची बातमी आणली. पहिल्या वर्षी मी पंचांगाचे ऐकले, दुसऱ्या वर्षी माझ्या लाजेचे. नदीचे कधीच ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी बंधाऱ्यावर होता आणि पहिला बरगा त्यानेच धरला.

बाराही गाळे वरपर्यंत भरले. चार दिवसांत फुगवटा गावाच्या पायरीला लागला. भावाच्या विहिरीत हाताने पाणी घेता येऊ लागले. मळीत आले गुडघ्यावर आले होते, गर्द हिरवे. मी रोज सकाळी बंधाऱ्यापर्यंत चालत जाई आणि ते पाहून परत येई. ते बारा दिवस मी समाधानात होतो. ते कबूल केले पाहिजे.

हादगा बसला. चौथ्या दिवशी पूर्वेकडून आभाळ आले आणि दोन दिवस, एक रात्र पाऊस थांबला नाही. इतका पाऊस त्या नक्षत्रात मी पाहिला नव्हता, आणि मी पाहिलेला काळ लहान नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी बरग्यांवरून उसळून पडत होते. आम्ही बरगे काढायला गेलो.

पाण्याचा दाब असला की बरगा खाचेत आवळून बसतो. वरून साखळी लावायची, लोखंडी आकडा बरग्याच्या कडीत अडकवायचा आणि खांबावर उभे राहून ओढायचे. खांबावर पाणी घोट्याला लागत होते. भावाने कमरेला दोर बांधला आणि तो आकडा घेऊन पुढे झाला. दोराचे दुसरे टोक चौघांनी काठावर धरले. मी गाळ्यांचे आकडे पुकारत होतो. पहिला गाळा निघाला. दुसरा निघाला. दुपारपर्यंत पाच गाळे मोकळे झाले. सहाव्याची कडी तुटली.

तेवढ्यात डाव्या काठाचा भराव बसला. आवाज फार झाला नाही. पाण्याने बंधाऱ्याच्या टोकाशी मातीत वाट केली, आणि मग मळी ढेपळाढेपळांनी सुटू लागली. आल्याचे वाफेच्या वाफे उभे तसेच खाली बसत आणि तांबड्या पाण्यात जात. बांधावरचे जांभळाचे झाड थोडा वेळ कलून राहिले, मग गेले. काठावरून भावजयीने हाक मारली. शब्द ऐकू आले नाहीत.

भाऊ खांबावर होता, नदीच्या मध्यावर. त्याने मान वळवून एकदा तिकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहून ओरडला, "दादा, तिकडं बगू नगा. सातवा पुकारा."

मी सातवा पुकारला.

सातवा निघाला, आठवाही निघाला. संध्याकाळी पाणी उतरले. बंधारा जागच्या जागी उभा होता. नदी त्याला वळसा घालून गेली होती, आणि जिथून गेली तिथे मळी नव्हती. दगडगोटे होते, आणि त्यांच्या खाली पांढरा मुरूम. विहीर गाळाने काठोकाठ भरली होती.

गावाने मला दोष दिला नाही. पावसापुढे कोणाचे काय चालणार, असे सगळे म्हणाले. नुकसानीच्या पाहणीला आलेल्या सरकारी माणसांनीही तेच सांगितले: हवामान बदलले आहे, पूर्वीचे ठोकताळे चालत नाहीत. ते खरे आहे. मी स्वतः त्या पावसाचा साक्षीदार आहे. पण ठोकताळे चालत नाहीत हे मला सांगणारा माणूस पाहणीच्या आधी, दोनदा, माझ्या अंगणात उभा राहिला होता. तेवढा भाग हवामानावर ढकलता येत नाही.

पुढे भराव पुन्हा घातला गेला. दगड आणि मुरूम ट्रकने आणता आला. मळी आणता आली नाही. ती नदीने सावकाश आणलेली होती. सावकाश आणणारी नदी आता राहिलेली नाही. भावाकडे माळावरचा तुकडा उरला. तिथे ज्वारी होते, पाऊस वेळेवर झाला तर. उपसा योजनेचा कालवा त्या माळाच्या खालून जातो. पाणी दिसते, पोहोचत नाही.

देवळातल्या बैठकीत मी बंधाऱ्याचे काम सोडले आणि भावाचे नाव सुचवले. "सुभेदार, बदली मागताय व्हय?" कोणीतरी म्हणाले. लोक हसले. भावाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, तो नाही म्हणेल. ज्याचा काठावर आता एक वाफा नाही, त्याने काठावरच्या लोकांचे पाणी का राखावे? तो म्हणाला, "दादा म्हंत्यात तर बगतो."

त्याने पद्धत बदलली. बरग्यांच्या खालच्या निम्म्या ओळी तो उत्तरा नक्षत्रात घालतो आणि वरच्या ओळींचे बरगे काठावर तयार ठेवतो. नंतर रोज नदीवर जातो, दहिवर पाहतो, ढग पाहतो, वरच्या गावांना फोन करतो. जमेल तशा बाकीच्या ओळी चढवतो. पाणी पूर्वीपेक्षा कमी साठते, पण साठते. एक-दोन वर्षे वरच्या ओळी घालायला मिळाल्याच नाहीत. लोक कुरकुरतात आणि तरी त्याचे ऐकतात. पहिल्या ओळीच्या आदल्या दिवशी तो न चुकता माझ्या अंगणात येतो आणि विचारतो, "दादा, घालायचं का?" त्याला माझ्या उत्तराची गरज नसते. मी "तुज्या मनानं कर" म्हणतो आणि तो जातो. काढणीच्या दिवसांत ओसरीवर आता काही येत नाही. माझी बायको बाजारातून आले आणते. मी चहा आले न घालता घेतो.

या वर्षीही तो आला. आभाळ एका बाजूला मोकळे, दुसऱ्या बाजूला भरलेले होते. सकाळी दहिवर पडले होते आणि दुपारी घाम फुटत होता. त्याने विचारले, "घालायचं का?"

दोनदा मी त्याला जे विचारले नव्हते, ते या वेळी विचारले. "तुला काय वाटतंय?"

तो ओसरीच्या कडेला बसला. केस पांढरे झाले आहेत. त्याने हातातली टोपी झाडली.

"खरं सांगू का दादा? आता मला बी कळंना झालंय. पूर्वी नदी बोलायची. आता ती एक बोलती आन् करती एक."

मी काठी घेतली. त्याच्याबरोबर बंधाऱ्यावर गेलो. त्या पुरानंतर मी पहिल्यांदाच तिथे गेलो होतो. आम्ही डाव्या टोकाला, नव्या भरावावर उभे राहिलो. समोर, जिथे त्याचे वाफे होते, तिथे दगडांतून एक बारीक धार चालली होती आणि तिच्या कडेने लव्हाळा उगवला होता.

"तवा तुझं ऐकाय पायजे हुतं," मी म्हणालो. "दोन्ही सालं."

त्याने भरावावरचा एक सुटा दगड पायाने जागी सरकवला. मग म्हणाला, "उद्या खालच्या चार वळी घालतो. तुमी आकडं पुकाराय या."

मी येतो म्हणालो.